ग्रेडरसाहेबांच्या गाडीचा निळा धूर

गाडी जिनिंगच्या फाटकातून बाहेर पडली आणि समोर बाबुलालच्या टपरीवर चहा पीत बसलेली माणसं धुरात दिसेनाशी झाली.

"आली, फवारणीची गाडी आली!" धुरातून बाबुलालचा आवाज आला. "अन्सारभाई, चिकनगुन्याचे डास मारायचा ठेका तुमीच काहून नाई घेत बापा?"

माणसं खोकत खोकत हसली. अन्सारनं स्टिअरिंग न सोडता नुसतीच मान खाली घातली. मागच्या सीटवर ग्रेडरसाहेब, म्हणजे पंजाबराव, ताठ बसले होते. नेरच्या बाजारात त्यांची अँबॅसडर पहिल्यांदाच बाहेर पडत होती. त्यासाठी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, आणि आता त्या सदऱ्याला जळक्या ऑइलचा वास लागत होता.

उमेरा फाटकाशी उभी होती. तिला हसू आलं नाही. तिनं फक्त नाक वर करून वास घेतला आणि धुराकडं डोळे बारीक करून पाहिलं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त झालं. पांढरा म्हणजे पाणी शिरलं. निळा म्हणजे ऑइल जळतंय. हे तिला बी.एस्सी.चं फिजिक्स शिकायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं, अन्सार मेकॅनिकची मुलगी म्हणून. हा धूर निळा होता, निळीत बुडवलेल्या धोतरासारखा निळा.

ऑइल खाली राहायचं आणि पेट्रोल वर जळायचं. दोघांच्या मधे पिस्टन, आणि पिस्टनला गुंडाळलेल्या रिंगा. रिंगांनी ऑइल वर जाऊ द्यायचं नाही, त्यांचं कामच ते. आणि या इंजिनातल्या सगळ्या रिंगा उमेरानं स्वतःच्या हातानं बसवल्या होत्या.

ही अँबॅसडर जिनिंगच्या शेठची. कापसाचे भाव पडत गेले, सरकारी खरेदी आखडली, कापसातून सरकी काढणारी जिनिंगची यंत्रं थांबली, शेठ नागपूरला निघून गेला आणि गाडी टिनाच्या शेडखाली तशीच उभी राहिली. रिकाम्या शेडची एक बाजू अन्सारनं गॅरेजसाठी घेतली. पंजाबरावांनी गाडी घेतली. कापूस खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर म्हणून त्यांचा सगळा जन्म गेला होता. रोज सकाळी हीच गाडी धूळ उडवत केंद्रावर यायची आणि ते उभ्यानं तिच्याकडं पाहायचे. निवृत्त झाल्यावर ते रोज गॅरेजात येऊन बसू लागले. ग्रेडरची सवय काही सुटली नव्हती. सदऱ्याच्या खिशात कायम चिमूटभर कापूस असायचा. बोलता बोलता ते बोटांनी धागा ओढायचे, उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "आखूड हाय. मार खाईन."

इंजिन खोलून, सिलिंडर अमरावतीहून घासून आणून, जुळवायची वेळ आली तेव्हा अन्सारनं चष्मा पुसला, रिंग हातात घेतली आणि परत ठेवली. "बेटा, यावरची खूण मले दिसत नाई. तुहे डोळे चांगले हायेत. तू घाल."

उमेरानं घातल्या. प्रत्येक रिंगेवरची बारीक खूण भिंगातून पाहून, वरची बाजू वर. रिंगांची तोंडं एका ओळीत येऊ दिली नाहीत. त्या कामात तिला जे सुख झालं होतं ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत कधी झालं नव्हतं. तिथं उत्तर आधीच माहीत असायचं.

गाडी चक्कर मारून परत आली. अन्सारनं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं. बोट ओलं निघालं.

"उद्या साखळी लावू," तो म्हणाला. "इंजिन उतरवू."

"मंग त्या रिंगाच?" पंजाबरावांनी विचारलं. उमेराकडं न बघता विचारलं, हेच तिला जास्त लागलं.

"खोलल्याबिगर कसं सांगू साहेब? पोरीनं पह्यल्यांदाच..." अन्सार थांबला. त्यानं वाक्य पुरं केलं नाही. पण टपरीवरच्या माणसांनी ते आधीच पुरं केलेलं होतं. बाबुलाल तर सकाळीच म्हणाला होता, पोरीनं बसवलेल्या रिंगा अन् शाळेतल्या पोट्टीनं लाटलेली पोळी, गोल निघाली तर नशीब.

उमेरा पुढं झाली. "अब्बा, आजचा दिवस मले द्या. न खोलता शोधते."

"अन् नाई सापडलं तं?"

"तर उद्या तुम्ही खोला. रिंगा उलट्या निघाल्या, तर मी मावशीकडं अमरावतीला जाते, बी.एड. करते. अम्मी वर्षभर तेच म्हणून राह्यली. पान्याला परत हात नाही लावणार."

अन्सारनं तिच्याकडं पाहिलं. तो हसला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "बरं."

म्हणजे तिला संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता.

तिनं आधी स्वतःलाच आरोपी केलं. दुसऱ्या कुठल्या कारणाच्या मागं धावायचा मोह होत होता, म्हणूनच. चारही प्लग काढून एका फडक्यावर ओळीनं मांडले. चारही ओले, काळेकुट्ट, सारखेच. दाब मोजायचं घड्याळ एकेका भोकात दाबून धरलं आणि अन्सारला स्टार्टर मारायला सांगितला. काटा चारही वेळा छान वर गेला आणि जवळजवळ एकाच जागी थांबला.

"दाब चांगला हाय न मंग?" पंजाबराव तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाले. त्यांच्या बोटांत कापूस होता. "मंग रिंगा चांगल्या!"

"नाही काका. दाब वरच्या रिंगा धरतात. ऑइल खालच्या रिंगा पुसून काढतात. वरच्या बरोबर अन् खालच्या उलट्या असू शकतात."

"पण चारही सारखे ओले. चारही जागी तू एकच चूक करशीन काय?"

"करीन," उमेरा म्हणाली. तिचा तिलाच राग येत होता. "खूण समजण्यातच चूक झाली असेल, तर चारही जागी तीच चूक होणार. हात घसरला असता तर एकच ओला असता."

पंजाबरावांनी कापसाचा धागा ओढला.

पण चारही सिलिंडर सारखे, हे तिच्या डोक्यातून जाईना. एक तर बसवणाऱ्याची समजूत चुकलेली, नाहीतर चौघांच्या वाटेवर एकच काहीतरी. चौघांना सारखं काय मिळतं? पेट्रोल मिळतं. हवा मिळते. ती एकाच तोंडातून आत जाते आणि मग चार वाटांनी फुटते. तिनं प्लग परत बसवले.

"अब्बा, परत बाहेर काढा गाडी. मी मागून येते."

"अजून फवारणी करायची हाय काय?" अन्सार पुटपुटला, पण बसला. पंजाबराव मागं बसलेच. त्यांना न घेता गाडी हलवायची सोय नव्हती.

उमेरानं लुना पायंडल मारून चालू केली, ओढणी नाकाला बांधली आणि यवतमाळ रोडवर धुरात शिरली. दोन्ही बाजूंच्या शेतांत कापूस फुटला होता आणि वेचणाऱ्या बायका कंबर सरळ करून ही वरात बघत होत्या. उमेराला त्यांच्याकडं बघायला फुरसत नव्हती. उतारावर अन्सारनं पाय काढला आणि खाली परत दाबला, तेव्हा भपकन ढग आला नाही. म्हणजे झडपांच्या बाजूनं ऑइल ठिबकत नव्हतं. या खेपेला गाडी फाटकातून निघाली तेव्हा धूर जरा कमी होता, आणि जशी चालत गेली तसा वाढत गेला. चढावर तर तिला पुढच्या गाडीची नंबरप्लेटही दिसेना. गाडी जितकी जोर लावील तितका धूर जास्त, आणि जितका वेळ चालेल तितकाही जास्त, जणू आत काहीतरी साठत जात होतं.

साठतंय! तिनं लुना इतकी जोरात वळवली की पडता पडता वाचली.

शेडमधे परत आल्यावर ती म्हणाली, "बंद नका करू! चालूच राहू द्या!"

तिनं बॉनेट उचललं. इंजिन डुगडुगत होतं. झडपांवरच्या झाकणापासून एक रबरी नळी एअर फिल्टरकडं गेलेली होती, बोटाएवढी जाड. रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी वर जळलेला थोडा वायू खाली निसटतोच, नव्या इंजिनात जरा जास्तच. त्या वायूला बाहेर काढायला जुन्या गाड्यांत दोन वाटा ठेवलेल्या असतात. एक ही नळी. उमेरानं तिचं एअर फिल्टरकडचं टोक ओढून काढलं. नळीच्या तोंडातून फस् फस् करत गरम फवारा तिच्या मनगटावर आला.

"काका, कापूस!"

"आँ?"

"खिशातला कापूस द्या. लवकर!"

पंजाबरावांनी चिमूट पुढं केली. उमेरानं ती नळीच्या तोंडाशी धरली. पांढरा कापूस तिच्या बोटांत बघता बघता पिवळा झाला, मग तपकिरी, मग ओलाचिंब. तिनं तो पिळला तर ऑइलचा थेंब खाली पडला.

"अब्बा, बघा! हे सगळं हवेबरोबर फिल्टरमधून आत जातंय. चौघांनाही सारखं! खालून नाही चढत ऑइल, वरून पाजतोय आपण!"

अन्सार खाली उतरला. त्यानं नळीच्या तोंडावर तळहात धरला आणि फवारा तळहाताला ढकलायला लागला तशा त्याच्या भुवया वर चढल्या. "या अल्ला. एवढा जोर?"

"अन्सारभाई!" फाटकाकडून बाबुलाल ओरडला. "धूर कमी झाला बे! काय केलं?"

ते तिघंही मागं धावले. सायलेन्सरमधून धूर येत होता, पण विरळ. मागची भिंत त्यातून दिसत होती. पंजाबरावांनी उमेराच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला, कारण ती तिथं नव्हतीच. ती परत बॉनेटमधे वाकलेली होती.

"हे पुरत नाही," ती स्वतःशीच म्हणत होती. "नळी काढून गाडी चालवायची नसते. एवढा जोर कायले? रिंगा खराब असल्या तरी खाली वायू निसटतो आणि असाच जोर येतो. मी अजून सुटले नाही."

अन्सार तिच्या शेजारी वाकला. सकाळपासून तो पहिल्यांदाच तिच्याशी मेकॅनिकनं मेकॅनिकशी बोलावं तसा बोलला. "दुसरी वाट पाह्य. बगलेतली. खाली जाते तो पाइप."

ती दुसरी वाट. इंजिनच्या कुशीतून निघून रस्त्याकडं तोंड करून खाली गेलेला उघडा लोखंडी पाइप. वायू खरं तर तिथूनच जायला हवा.

उमेरा पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकली आणि पाइपच्या तोंडाशी हात नेला. वरच्या नळीतून फवारा उडत होता, आणि इथं मात्र झुळूकही नव्हती. तिनं ओलं बोट धरून पाहिलं. काहीच नाही.

"बंद करा! अब्बा, इंजिन बंद करा अन् तारेचा आकडा द्या!"

तार पाइपमधे वीतभर गेली आणि मऊ कशाला तरी टेकली. तिनं तार पिरगाळली आणि हळू ओढली. सुटली. परत घातली, परत पिरगाळली. काहीतरी सरकलं, अडलं, परत सरकलं आणि फदकन तिच्या गालावर पडलं.

ती गाडीखालून बाहेर आली तेव्हा तिच्या हातात अंगठ्याएवढा काळा बोळा होता. तिनं तो मधून फाडला. आत पांढराशुभ्र कापूस.

अन्सारचा चेहरा उतरला. कारण बोळे ही त्याचीच रीत होती. गॅरेजात उघडं भोक दिसलं की त्यात धूळ जाऊ नये म्हणून बोळा ठोसायचा. दुसरीकडं मेकॅनिक चिंध्या वापरत असतील. इथं जिनिंगच्या कोपऱ्याकोपऱ्यात रुई साठलेली होती आणि तिला कुणी विचारत नव्हतं. "माह्याच हातचा राह्यला," तो म्हणाला. "डोळ्यानं दिसत नाई, पण डोक्यानंही... तुहा काई दोष नव्हता बेटा."

"थांबा, थांबा." उमेरानं फाडलेला बोळा नाकाजवळ नेला, दोन बोटांत चुरगाळला. मग जमिनीवरची रुई उचलली. मग आणखी एकदा बोळा. तिच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या. "अब्बा, आपले बोळे रुईचे. जिनिंगमधून निघालेली, साफ. यात सरकी आहे."

तिनं हात पुढं केला. काळ्या-पांढऱ्या तंतूंत सरकीचा एक दाणा गच्च बसला होता. शेतातून आला तसा, सरकी न काढलेला कापूस.

"या शेडमधे सरकीसकट कापूस कोणाजवळ असतो?"

अन्सारनं हळूच मान वळवली. बाबुलालही फाटक सोडून आत आला होता, त्यानंही वळवली. पंजाबरावांचा हात सदऱ्याच्या खिशात होता. तो तिथंच थांबला.

"म्या..." पंजाबराव म्हणाले. "आता मले आठवून राह्यलं. इंजिन तिकडं लाकडी घोडीवर ठेवलेलं होतं. तुमी दोघं जेवाले गेलते. एक कुंभारीण माशी त्या पाइपाभोवती भणभण करत होती. आमच्या घरी नळाच्या तोटीत तिनं मातीचं घर बांधलतं. मले वाटलं, इथीही बांधीन. म्हणून म्या..."

"ठोसला?"

"पेन्सिलीनं," पंजाबराव खालच्या आवाजात म्हणाले. "चांगला आतपर्यंत. माशीनं वढू नये म्हणून."

मग अन्सार हसायला लागला. तो आधी पोटात हसला, मग खांदे हलले, मग बॉनेटला हात टेकून त्याला डोळे पुसावे लागले. "साहेब, साऱ्या जिल्ह्याच्या कापसात तुमी खोट काढली, अन् माह्या इंजिनात कापूस घातला!"

"ग्रेड काय देऊ काका?" उमेरानं बोळा त्यांच्यापुढं धरला.

पंजाबरावांनी तो घेतला. सवयीनं एक तंतू ओढला, उजेडात धरला. कान लाल झालेले होते तरी त्यांना राहवलं नाही. "लांब हाय. चांगला माल हाय, पण."

आता मात्र उमेराला उभं राहवेना. नळी परत जागेवर बसवली, प्लग पुसून घट्ट केले, ऑइल पाहिलं. अजून एकच गोष्ट सिद्ध व्हायची होती. पाइप मोकळा झाल्यावर धूर गेला तर रिंगा बरोबर. नाही गेला तर बोळा एक खोट आणि उमेरा दुसरी.

अन्सारनं चाबी खिशातून काढली आणि तिच्याकडं फेकली. "तू चालव. म्या मागून लुनावर येतो. धूर माह्या डोळ्याले दिसतो, तेवढा तं दिसतो."

जिनिंगच्या अंगणात ती गाडी शिकली होती, पण यवतमाळ रोडवर कधी चालवली नव्हती. पंजाबराव मागच्या सीटवर चढले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले, खिशापासून लांब. उमेरानं गियर टाकला. अँबॅसडर फाटकातून निघाली आणि निळा धूर भसाभसा मागं पडला.

"गेलं सारं!" टपरीवरून बाबुलाल ओरडला.

आरशात सगळं निळं होतं. त्या निळ्याच्या आत कुठंतरी लुनाचा फटफट आवाज येत होता, अब्बा दिसत नव्हता. सायलेन्सर ओला आहे, तिनं स्वतःला बजावलं. आतलं जुनं ऑइल आधी जळून जाऊ दे. हे भौतिकशास्त्र आहे. पण हेच ती स्वतःची समजूत घालायलाही म्हणाली असती, हेही तिला माहीत होतं.

"दाब," मागून पंजाबराव म्हणाले. "दाब पोरी, लाजू नको."

तिनं पाय दाबला. इंजिनाचा आवाज बदलला, खालचा घोगरेपणा जाऊन एक गोल, भरलेला आवाज आला. दोन्हीकडचे कपाशीच्या शेतांचे बांध मागं पळायला लागले. तिनं आरशात पाहिलं. निळ्या पडद्यात एक काळपट ठिपका. मग ठिपक्याला पांढरी टोपी आली. तिनं अजून दाबलं. टोपीखाली दाढी आली. दाढीत दात आले. अब्बा हसत होता! एक हात सोडून, सगळा पंजा उघडून, हवेत हलवत होता, आणि त्याच्या मागं रस्ता दिसत होता, रस्त्यामागं झाडं, झाडांमागं नेरची पाण्याची टाकी, सगळं स्वच्छ, कोरं, धुतल्यासारखं.

"काका, मागं बघा!"

"पाह्यतो, पाह्यतो! तू समोर पाह्य!"

चढ आला. मघाशी इथंच नंबरप्लेट दिसेनाशी झाली होती. उमेरानं पाय अजिबात काढला नाही. गाडी गुरगुरत, अंग आवळत वर चढली. माथ्यावर तिनं गाडी थांबवली, उतरून मागं पळाली आणि सायलेन्सरच्या मागं खाली बसली. गरम हवा थरथरत होती. तिच्यापलीकडं गवताची पाती दिसत होती, एकेक वेगळी. निळं काहीच नव्हतं.

खाली चढावर अन्सार लुनाला पायंडल मारत येत होता. लुनानं केव्हाच दम टाकला होता. त्यालाही टाकायचा होता, पण तो मधेच थांबून ओरडला, "हाय काय?"

"काहीच नाही!" उमेरा ओरडली. "अब्बा, काहीच नाही!"

परत आल्यावर बाबुलालनं चहा दिला आणि उगाच टपरीचा ओटा पुसत राहिला. "तरी म्या म्हणतच होतो," तो म्हणाला. कुणी काय म्हणत होतास ते विचारलं नाही, एवढी दया त्याला मिळाली.

"उद्याची साखळी सांगून ठेवली तुम्ही," उमेरा बशीवर फुंकर घालत म्हणाली. "नको म्हणून सांगून येऊ?"

"कायले?" अन्सार म्हणाला. "दारव्ह्याची जीप येऊन राह्यली. तिचं इंजिन उतरवा लागते. रिंगा तूच घाल, मले काई खूणबिण दिसत नाई." त्यानं चहा संपवला आणि तितक्याच साधेपणानं पुढं म्हणाला, "अम्मीले म्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप यायच्या आधी उमेरानं अम्मीच्या शिवणाच्या डब्यातून लाल दोरा आणला. रुईचे बोळे वळले आणि प्रत्येकाच्या पोटातून हातभर दोरा ओवून त्याची शेपटी बाहेर ठेवली. बोळा कितीही आत गेला तरी शेपटी बाहेर लोंबणार.

फाटकाशी अँबॅसडर थांबली. पंजाबराव उतरले, कोरा सदरा घातलेले, आणि आत यायला लागले तसा अन्सार हात आडवा करून उभा राहिला.

"साहेब, पह्यले खिसा."